मोबाइलला गेम ‘दिसतो’ कसा?

“रात्री फोन चार्जिंगला लावून झोपलो, तर सकाळपर्यंत तो आपला आपण माझा गेम खेळून ठेवेल का?”

शाळा-कॉलेजात संगणकाबद्दल बोलायला गेलो की हा प्रश्न येतोच. विचारणारा मुलगा आळशी असतो असे मुळीच नाही. आजचे बरेचसे मोबाइल गेम खेळाडूला एकच लढाई पन्नास वेळा लढायला लावतात. थोडी नाणी मिळवायची, मग ‘पुन्हा’ बटण दाबायचे, लढाई संपेपर्यंत थांबायचे, बक्षीस गोळा करायचे आणि परत ‘पुन्हा’ दाबायचे. मुले याला ‘फार्मिंग’ म्हणतात. हे काम इतके ठरावीक आहे की ते यंत्राने करावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

उत्तर आहे, हो, फोन खेळू शकतो. पण त्यासाठी त्याला आधी पडद्यावर काय चालले आहे ते कळावे लागते. पडदा त्याचाच, चित्रही तोच दाखवतो, आणि तरी त्या चित्रात काय आहे याचा त्याला पत्ता नसतो. आपण इथूनच सुरुवात करू.

१. फोनला बटण माहीत नसते

बँकेचे किंवा रेल्वे तिकिटाचे अ‍ॅप उघडा. तिथले ‘पुढे’ हे बटण आपल्याला रंगीत चौकोन दिसते, पण फोनजवळ त्याची नोंद असते. इथे एक बटण आहे, त्याचे नाव ‘पुढे’, ते पडद्यावर अमुक ठिकाणी आहे. दृष्टिहीन माणसे अँड्रॉइड फोनवर ‘टॉकबॅक’ वापरतात तेव्हा ही नोंदच त्यांना वाचून दाखवली जाते. एखाद्या प्रोग्रामला ते बटण दाबायचे असेल तर तोही नोंदवहीत बघून थेट तिथे जाऊ शकतो.

गेमची तऱ्हा वेगळी. युनिटी किंवा अनरिअल अशा साधनांनी बनवलेला गेम सहसा फोनकडे फक्त एक मोठा कोरा आयत मागतो आणि त्यावर स्वतःच्या रंगांनी सगळे रंगवतो. तलवार, ढग, नाणी, ‘पुन्हा’ बटण, सगळे एकाच चित्राचा भाग. फोनच्या नोंदवहीत एवढेच लिहिलेले असते की इथे एक आयत आहे. टॉकबॅक इथे मुका होतो.

म्हणून गेमपुरता एकच रस्ता उरतो. आपण बघतो तसे चित्राकडे बघायचे आणि त्यात काय आहे ते ओळखायचे. चित्र-ओळख म्हणतात ती हीच.

२. घड्याळ की शिट्टी?

काही लोक ओळखण्याच्या भानगडीत न पडता ‘ऑटो-क्लिकर’ वापरतात. पडद्यावर एक जागा ठरवून द्यायची आणि दर दहा सेकंदांनी तिथे टिचकी मारायला सांगायची. घड्याळ लावून कुकरचा गॅस बंद करण्यासारखेच हे झाले. रोज तेवढेच तांदूळ, तेवढेच पाणी आणि तेवढीच आच असेल तर भात बरोबर होतो. सिलिंडर संपत आला असेल तर तांदूळ कच्चे राहतात. गेममध्येही लढाई एखाद्या वेळी बारा सेकंद चालते, मध्येच जाहिरात येते, नेट अडखळते, आणि आंधळी टिचकी नको त्या ठिकाणी पडते. जाहिरातीवर पडते, किंवा जपून ठेवलेली नाणी खर्च करणाऱ्या बटणावर.

घरातली जाणती बाई शिट्ट्या मोजते, म्हणजे कुकर काय सांगतो आहे ते ऐकून पुढचे ठरवते. चित्र-ओळख वापरणारा प्रोग्राम तसाच चालतो. पडद्याचा फोटो घे, त्यात काय आहे ते ओळख, काय करायचे ते ठरव, टिचकी मार, आणि पुन्हा फोटो घे.

यातला फोटो आणि टिचकी हा भाग सोपा आहे. अँड्रॉइड बनवणाऱ्यांनीच त्यासाठी दारे ठेवली आहेत. फोन संगणकाला वायरने जोडला तर ‘अँड्रॉइड डिबग ब्रिज’ या साधनातून पडद्याचा फोटो मागवता येतो आणि ‘आडवे ५४०, उभे १८०० या ठिकाणी टिचकी मार’ असा हुकूमही देता येतो. संगणकाशिवाय, फोनच्या आतल्या आत हे करायचे असेल तर पडदा टिपण्याची सोय २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून आहे आणि दुसऱ्या अ‍ॅपवर टिचकी मारण्याची २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून. यातली टिचकीची सोय मुळात कोणासाठी केली होती ते पुढे येईलच. खरे अवघड काम मधले आहे, ओळखण्याचे.

३. मॅचिंग सेंटरमधली पद्धत

साडीवर शोभेल असे ब्लाउजपीस आणायला आपण मॅचिंग सेंटरमध्ये जातो. साडीचा पदर हातात घेऊन एकेका ताग्यावर ठेवून बघतो. हा नाही, हा जरा गडद, हा जवळ आला, हा बरोबर. ‘टेम्प्लेट मॅचिंग’ म्हणजे हेच. टेम्प्लेट म्हणजे नमुना. ‘पुन्हा’ बटणाचे छोटे चित्र आधीच कापून ठेवायचे, पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायचे, किती जुळते ते मोजायचे, एक ठिपका उजवीकडे सरकवायचे, पुन्हा मोजायचे. ओळ संपली की खालच्या ओळीवर यायचे. सगळ्यात जास्त जिथे जुळेल तिथे बटण.

‘जुळते’ हे यंत्राला कसे कळणार? पडदा हा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो, त्यांना पिक्सेल म्हणतात. रंग बाजूला ठेवला तर प्रत्येक पिक्सेल म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. समजा आपला नमुना फक्त तीन पिक्सेलांचा आहे : १०, ४०, १०. म्हणजे अंधाऱ्या पट्टीत मध्ये थोडा उजेड. पडद्यावर कुठे १०, ४०, १० दिसले तर फरक शून्य. काम झाले.

पण गेममध्ये दिवस उजाडला आणि सगळेच चित्र उजळले तर? आता बटण ४०, ७०, ४० असे दिसते. नुसती वजाबाकी केली तर प्रत्येक ठिपक्यात ३० चा फरक, एकूण ९०. यंत्र म्हणेल, हे ते नव्हे. ट्यूबलाइटखाली आणि उन्हात एकच कापड वेगळे दिसावे तसा हा प्रकार. आपण काय करतो? ‘इथे उजेडच जास्त आहे’ हे मनात धरून बघतो. यंत्रालाही तेच शिकवायचे. प्रत्येक गटातून त्याची सरासरी वजा करायची. पहिल्या गटाची सरासरी २०, म्हणून तो होतो –१०, +२०, –१०. दुसऱ्याची सरासरी ५०, म्हणून तोही होतो –१०, +२०, –१०. दोन्ही तंतोतंत सारखे! उजेड वजा झाला आणि मागे आकृती उरली. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. डोळ्यांनी आपण जे नकळत करतो ते इथे पाचवीच्या गणितात मावते.

हे काम किती मोठे आहे याचा हिशेब करून पाहू. पडदा १०८० गुणिले २४०० पिक्सेलांचा आणि नमुना ८० गुणिले ८० चा धरा. नमुना ठेवायच्या जागा होतात २३ लाख २३ हजार ३२१. प्रत्येक जागी ६,४०० ठिपके ताडून पाहायचे, म्हणजे सुमारे १,४८७ कोटी तुलना, आणि त्याही एका बटणासाठी, एका फोटोत. आता पडदा आणि नमुना दोन्ही लांबी-रुंदीला निम्मे करा. जागाही चौथाई होतात आणि प्रत्येक जागेचे ठिपकेही, म्हणून तुलना सोळाव्या हिश्शावर, साधारण ९३ कोटींवर येतात. बटण नेहमी खालच्या उजव्या कोपऱ्यातच येते हे ठाऊक असेल, तर मूळ पडद्यावरचा ३०० गुणिले ३०० चा तेवढा तुकडाच निम्मा करून शोधा. आता तुलना दोन कोटींच्याही आत. हरवलेली किल्ली घरभर शोधण्यापेक्षा आधी खुंटीवर बघावी, तेवढेच शहाणपण.

ही आकडेमोड आज कोणाला स्वतः लिहावी लागत नाही. ‘ओपनसीव्ही’ नावाचे मोफत साधन त्यासाठी आहे. त्याचे काम १९९९ मध्ये इंटेल कंपनीत गॅरी ब्रॅडस्की यांनी सुरू केले. पडद्याच्या फोटोवरून संगणक चालवण्याची कल्पना २००९ मध्ये एमआयटीतल्या टॉम ये, त्सुंग-श्यांग चांग आणि रॉब मिलर यांनी एका साधनात नीट बसवली. त्याला त्यांनी नाव दिले ‘सिकुली’. मेक्सिकोतल्या हुइचोल लोकांच्या भाषेत याचा अर्थ ‘देवाचा डोळा’.

४. किती जुळले म्हणजे जुळले?

यंत्र ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगत नाही, गुण देते. पूर्ण जुळले तर १, अजिबात नाही तर ० च्या आसपास. कितीला पास करायचे ते आपण ठरवायचे. पुष्कळ जण ०.८ पासून सुरुवात करतात. तो आकडा ०.९९ वर नेला तर बटणावर एक चमक उडाली तरी यंत्राला ते दिसत नाही. ०.५ वर आणला तर बटणासारखे काहीही बटण ठरते. या आकड्याला सूत्र नाही. चुका कोणत्या परवडतात यावर तो ठरतो. ‘पुन्हा’ बटण एकदा हुकले तर दोन सेकंद वाया जातात. पैसे खर्च करणारे बटण चुकून दाबले गेले तर नुकसान खरे असते. म्हणून दोन बटणांना दोन वेगळे आकडे लावावेत.

अशीच फसगत रंगात होते. काम हलके व्हावे म्हणून चित्र बऱ्याचदा करडे करून घेतात. करडा आकडा काढायचा प्रचलित हिशेब असा : लालचा ०.२९९ पट, हिरव्याचा ०.५८७ पट आणि निळ्याचा ०.११४ पट, यांची बेरीज. भडक लाल, म्हणजे लाल २५५ आणि बाकी शून्य, याचा करडा होतो ७६. गडद हिरवा, म्हणजे हिरवा १३० आणि बाकी शून्य, याचाही होतो ७६. एकाच आकाराची दोन बटणे, एक लाल ‘रद्द’ आणि एक हिरवे ‘मान्य’, करड्या चित्रात जुळी भावंडे होतात. रंगावर निर्णय असेल तिथे रंग टाकून देऊ नये, हे नवशिक्याला एकदा तरी चुकूनच कळते.

फोन बदलला तरी गोंधळ होतो. १०८० रुंदीच्या फोनवर कापलेले ९० पिक्सेलांचे बटण ७२० रुंदीच्या फोनवर ६० पिक्सेलांचे होते. नमुना मोठा, बटण लहान, त्यामुळे पदर आणि तागा जुळत नाहीत. अशा वेळी नमुनाही त्याच प्रमाणात लहान करून घ्यावा लागतो.

५. चीनमधली एक उडी

हे सगळे एका खऱ्या गेममध्ये बघू. २०१७ च्या डिसेंबरअखेर चीनमध्ये ‘वीचॅट’ या संदेश-अ‍ॅपने आपल्या आतच एक छोटा गेम दिला. नाव ‘थ्याव-यी-थ्याव’, म्हणजे ‘मार उडी’. एक छोटी बाहुली ठोकळ्यावर उभी असते. पडद्यावर बोट दाबून धरायचे आणि सोडायचे. जितका वेळ दाबाल तितकी लांब उडी. पुढच्या ठोकळ्यावर पडलात तर गुण, हुकलात तर खेळ संपला. कॅरमच्या स्ट्रायकरला किती जोर द्यायचा याचा अंदाज लागतो, तसा इथे वेळेचा लागतो. मित्रांचे गुण एकाच यादीत दिसत, त्यामुळे ईर्ष्या पेटली.

आणि काही दिवसांतच लोकांनी या गेमसाठी पायथन भाषेत स्क्रिप्ट लिहून खुल्या केल्या. नवशिक्यांनी चित्र-ओळख शिकण्यासाठी मी आजही हेच उदाहरण देतो, कारण यात नमुना सरकवायचीसुद्धा गरज पडत नाही.

पहिले काम बाहुली शोधणे. मागचा रंग बदलत राहतो, ठोकळे बदलत राहतात, पण बाहुलीचा निळसर जांभळा रंग तोच राहतो. एका गाजलेल्या स्क्रिप्टमध्ये नियम होता : ज्या ठिपक्यात लाल ५० ते ६०, हिरवा ५३ ते ६३ आणि निळा ९५ ते ११० आहे, तो बाहुलीचा. अशा ठिपक्यांतली सगळ्यात खालची रांग बघितली की बाहुलीचे पाय सापडले.

दुसरे काम पुढचा ठोकळा. तो नेहमी बाहुलीच्या वर असतो. म्हणून पडद्यावर वरून खाली ओळीओळीने यायचे आणि मागच्या रंगाहून निराळा ठिपका भेटला की थांबायचे. ते त्या ठोकळ्याचे वरचे टोक. आधीची उडी बरोबर मध्यावर पडली असेल तर गेमच पुढच्या ठोकळ्याच्या मध्यावर एक पांढरा ठिपका दाखवतो. स्क्रिप्टला तो आयताच सापडतो. खेळ जितका चांगला, तितके पुढचे बघणे सोपे!

तिसरे काम अंतर. समजा ठोकळ्याचा मध्य बाहुलीपासून ४०० पिक्सेल उजवीकडे आणि २३० पिक्सेल वर आहे. शाळेतला पायथागोरस आठवा : ४०० चा वर्ग १,६०,०००, २३० चा वर्ग ५२,९००, बेरीज २,१२,९००, तिचे वर्गमूळ सुमारे ४६१. आता दाबायचा वेळ. १०८० गुणिले १९२० च्या पडद्यासाठी दर पिक्सेलला साधारण १.३९ मिलिसेकंद असे प्रमाण वापरले जाई. ४६१ ला १.३९ ने गुणले की ६४१ मिलिसेकंद. तेवढा वेळ बोट दाबून धरण्याचा हुकूम पाठवायचा, बाहुली उतरून स्थिर व्हायची वाट पाहायची, आणि पुन्हा फोटो.

बाहुलीचा रंग, ठोकळ्याची कड आणि एक गुणाकार, एवढ्यावर यंत्र माणसाला मागे टाकते. त्याला गेमबद्दल काहीही ‘समजलेले’ नसते. गेमच्या निर्मात्याने खेळाडूच्या सोयीसाठी ज्या गोष्टी कायम ठेवल्या, बाहुलीचा ठळक रंग आणि स्वच्छ मागचा पडदा, त्याच यंत्राच्या उपयोगी पडल्या. अशा बाहेरच्या मदतीला चिनी खेळाडू ‘वाय-ग्वा’ म्हणतात. शब्दशः अर्थ, बाहेरून टांगलेले.

या गेमचा एक गुण विसरू नका. उडी मारेपर्यंत तो थांबून राहतो. फोटो घ्यायला आणि हिशेबाला अर्धा-एक सेकंद लागला तरी बिघडत नाही. धावत्या गेममध्ये दोन फोटोंच्या मधल्या वेळात शत्रू येऊन जातो. नजर वळली आणि दूध उतू गेले, तसे. म्हणून स्वयंचलित खेळ पाळीपाळीने चालणाऱ्या, थांबणाऱ्या गेममध्ये चांगला जमतो.

६. नमुना अपुरा पडतो तेव्हा

धावणारा घोडा, वळणारी गाडी, झाडामागे अर्धी लपलेली पेटी. यांचा एकच नमुना कापता येत नाही. तिथे यंत्राला शेकडो-हजारो चित्रे दाखवून, प्रत्येकात घोडा कुठे आहे ते चौकोन आखून सांगून शिकवावे लागते. अशा शिकणाऱ्या प्रोग्रामची ‘योलो’ ही पद्धत २०१५ पासून लोकप्रिय झाली. ती चित्रावर एकदाच नजर टाकून सगळ्या वस्तू सांगते.

याहून पुढची पायरी लंडनच्या डीपमाइंड कंपनीने दाखवली. २०१५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात यंत्राला अटारीच्या ४९ जुन्या व्हिडिओ गेमचा पडदा आणि गुण एवढेच दिले होते. नियम सांगितले नव्हते. पडदा ८४ गुणिले ८४ इतका लहान आणि करडा करून घेतला होता. मला त्यातली एक बारीक गोष्ट आवडते. यंत्राला एका वेळी चार फोटो दिले जात. एका फोटोत चेंडू दिसतो, पण तो येतोय की जातोय हे कळत नाही. ‘ब्रेकआउट’मध्ये ते यंत्र उत्तम खेळू लागले. ‘माँटेझुमाज रिव्हेंज’मध्ये मात्र त्याला शून्य गुण मिळाले, कारण तिथे पहिली किल्ली हाती लागेपर्यंत बराच वेळ एकही गुण मिळत नाही. नजर असूनही कशासाठी बघायचे ते त्याला कळले नाही.

७. समोर कोण बसले आहे?

मग रात्रभर फोनला खेळायला लावावे का? मी मुलांना उलट विचारतो, समोर कोण आहे? एकट्याने खेळायचा, स्वतः बनवलेला किंवा बिननेटचा गेम असेल तर जरूर करून बघ. इतक्या कमी खर्चात प्रोग्रामिंग, भूमिती आणि धीर एकदम शिकवणारे दुसरे काही मला ठाऊक नाही. पण समोर दुसरे खेळाडू असतील, यादीत त्यांचे नाव तुझ्याखाली जाणार असेल, तर ती लबाडी आहे. बहुतेक ऑनलाइन गेमच्या अटींत याला मनाई असते आणि खाते कायमचे बंद होऊ शकते. पकडणेही फार अवघड नसते. माणसाचे बोट दर वेळी त्याच ठिपक्यावर, तितक्याच अंतराने, पहाटे चारपर्यंत न थकता पडत नाही.

या विद्येचा प्रामाणिक उपयोग गेम बनवणाऱ्यांनाच रोज होतो. नवी आवृत्ती शेकडो प्रकारच्या फोनांवर तपासायची असते. चीनच्या नेटईज कंपनीचे ‘एअरटेस्ट’ हे साधन पडद्यावरचे चित्र ओळखून गेम खेळवून बघते आणि कुठे अडकला ते सांगते.

आणि दुसऱ्या अ‍ॅपवर टिचकी मारण्याचे ते दार? ते अपंग माणसांसाठी केलेले आहे. अँड्रॉइडमध्ये त्याला ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ सेवा म्हणतात. ज्यांचे हात चालत नाहीत, ज्यांना दिसत नाही, त्यांच्या वतीने एखाद्या अ‍ॅपने पडदा वाचावा आणि बोट लावावे, यासाठी. टॉकबॅक गेमसमोर मुका होतो हे आपण पाहिले. त्यावरचा उपाय चित्र-ओळखीतूनच येतो आहे. २०२० मध्ये आयओएस १४ बरोबर अ‍ॅपलने आयफोनच्या ‘व्हॉइसओव्हर’मध्ये एक सोय दिली. अ‍ॅपने बटणांची नोंद ठेवली नसेल तर फोन स्वतः पडद्याचे चित्र बघून बटणे ओळखतो आणि दृष्टिहीन माणसाला सांगतो. रात्रभर नाणी गोळा करण्यापेक्षा हा उपयोग कितीतरी मोलाचा आहे, आणि संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी याच बाजूला हात लावावा असे मला मनापासून वाटते. मराठीत बोलणारी, मराठी अक्षरे ओळखणारी अशी साधने अजून पुष्कळ हवी आहेत.

अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या त्याच दारातून चोरही येतात. बँकेचे खाते रिकामे करणारी अनेक अँड्रॉइड अ‍ॅप हीच परवानगी मागून पडदा वाचतात आणि ओटीपी उचलतात. म्हणून २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरबाहेरून आणलेल्या अ‍ॅपला ही परवानगी देताना फोन आडकाठी घालतो. ती आडकाठी काढायला सांगणारे ‘मोफत ऑटो-प्ले’ अ‍ॅप कोणी पाठवले तर घेऊ नका. आजच फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीचे पान उघडा, तिथे कोणकोणती अ‍ॅप चालू आहेत ती बघा, आणि जे तुम्ही स्वतः समजून-उमजून चालू केलेले नाही ते बंद करा. घरातल्या आजी-आजोबांचा फोनही तपासून द्या.